वाळूवरची घसरगुंडी आणि मआमीरची मैत्रीण



भेटेल तो आम्हांला विचारतो, "सिस्टर, तुम्ही ह्या वयात वाळवंटात गाडी उडवायला गेला होता म्हणे! खरं का?" म्हणून एकदा सगळी हकीकत लिहूनच टाकतो. गाडी आम्ही उडवली नाही, पण गेलो होतो हे खरं. २०२२ च्या डिसेंबरात हनुक्काची सुट्टी होती. मुलगी, जावई, तेरा वर्षांचा नातू आणि दहा वर्षांची नात ह्यांच्याबरोबर आम्ही बहरीनला गेलो. मुलांना वाळवंटातली सफर हवी होती. आम्हांला हवी होती आमची मैत्रीण.

तिची गोष्ट आधी सांगायला हवी. १९६६ ते १९६९ आम्ही मुंबईला नर्सिंग शिकलो. होस्टेलात शेजारची खाट श्रीवर्धनच्या एका कोकणी मुसलमान मुलीची होती. आमचं मूळ गाव रेवदंडा. दोन्ही गावं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, त्यामुळे पहिल्याच रात्री बोलणं जुळलं. नारळाचं दूध, तांदळाची भाकरी, सुकी मासळी, सगळं सारखं. रात्रपाळीला एकीला डुलकी लागली की दुसरी जागी राहायची. १९७० साली आम्ही इस्राएलला आलो आणि १९७४ साली ती बहरीनला नोकरीवर गेली.

आता बालमित्रांना खरं वाटणार नाही, पण त्या काळी इकडून बहरीनला साधं पत्र पाठवायची सोय नव्हती. आमची तिसरी मैत्रीण भायखळ्याला राहत होती. आम्ही पत्र तिला पाठवायचं, तिने ते दुसऱ्या पाकिटात घालून बहरीनला टाकायचं. उत्तरही त्याच वाटेने यायचं. एका पत्राला दोन-दोन महिने लागत. १९९४ साली भायखळ्याची मैत्रीण वारली आणि ती वाटच बंद झाली.

पुढे १५ सप्टेंबर २०२० रोजी अमिरात आणि बहरीनशी करार झाले. ३० सप्टेंबर २०२१ पासून गल्फ एअरची विमाने थेट तेल अवीवला येऊ लागली. आमच्या नातीने फोनवर शोधाशोध करून मैत्रिणीच्या मुलाला हुडकून काढलं. त्याने लगेच आईच्या हातात फोन दिला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "अगं, मेलीस की काय असं वाटलं होतं मला!" पन्नास वर्षांनी ऐकलेला तोच आवाज. आम्ही बराच वेळ बोलूच शकलो नाही.

तिचा मुलगा मआमीरला एक गॅरेज सांभाळतो. मआमीर हे बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावरचं, सित्राजवळचं गाव. पूर्वी तिथे खजुराच्या बागा होत्या, लोक मासेमारी करीत. आता आजूबाजूला कारखाने, गोदामं आणि गॅरेजं आहेत. जवळच तेल शुद्ध करायचा मोठा कारखाना आहे, तो १९३६ सालचा. वारा फिरला की नाकात तेलाचा वास बसतो. प्रवासी मंडळी बघायला जातील असं तिथे काही नाही. आम्ही मात्र विमानतळावरून सामान हॉटेलात टाकलं आणि थेट मआमीर गाठलं.

गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, डोक्यावर ओढणी. उठायला हाताचा आधार घ्यावा लागला. जवळ येऊन तिने आधी आमच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "नाडी जोरात चाललीय तुझी. बस आधी." मग दोघीही रडलो. मुलगा "मावशी, मावशी" करीत पाणी घेऊन आला. जन्म त्याचा बहरीनचा, पण बोली श्रीवर्धनची!

त्या गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या दोन वाळूवरच्या बग्या उभ्या होत्या. आमच्या नातवाला तिथेच पहिला धडा मिळाला. बगी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात सीटा, मागे इंजिन आणि खाली रुंद टायर. गाडी उलटली तरी पिंजरा माणसाला सांभाळतो. १९६४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स ह्यांनी फोक्सवॅगन बीटलच्या सामानावर 'मायर्स मँक्स' नावाची बगी बनवली आणि तिथून ही हौस जगभर पसरली. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करतात. असं का? तर टायर चपटा होतो, जास्त जागेवर टेकतो आणि रुतत नाही. उंटाचा पाय आठवा, तोही असाच पसरट! डांबरी रस्त्यावर परतताना मात्र हवा पुन्हा भरायलाच हवी.

दुसऱ्या दिवशी सफर होती. आमची मंडळी सफरवाल्यांच्या गाडीत, आणि आम्ही दोघी तिच्या मुलाच्या जीपमध्ये मागोमाग. अवाली गाव ओलांडलं की खरं वाळवंट लागतं. पण वाचकहो, वाळवंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातल्या उंच पिवळ्या टेकड्या येतात. बहरीन तसं नाही. तिथली जमीन चुनखडीच्या दगडाची, वर खडे आणि खारट वाळूचा पातळ थर. सगळ्यांत उंच डोंगर जबल दुखान, म्हणजे धुराचा डोंगर. त्याची उंची अवघी १३४ मीटर! मात्र त्याच डोंगराच्या पायथ्याशी १९३२ साली तेल लागलं. आखातातल्या अरब बाजूची ती पहिली तेलाची विहीर. त्या विहिरीमागोमाग आपल्या मुंबई-कोकणातली कितीतरी माणसं नोकरीला बहरीनला गेली.

बगीसाठी ही जमीन ठीक आहे. जावई आणि नातू एका बगीत बसले, मुलगी आणि नात दुसरीत, चालवायला तिथला माहीतगार. धूळ अशी उडाली की दोन्ही गाड्या दिसेनाशा झाल्या. पहिली फेरी संपल्यावर नातू ओरडत आला, "सावता, आता तुझी पाळी!"

खरं सांगायचं तर मोह झाला. आम्ही हेल्मेट डोक्यावर चढवलंसुद्धा. एवढ्यात मैत्रीण काठी टेकत आली आणि काही न बोलता तिने हनुवटीखालचा पट्टा सोडला. होस्टेलात सकाळी राउंडच्या आधी ती आमची टोपी अशीच नीट करायची. म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी मी मोटारीत बसले होते. रस्त्यातल्या एका उंचवट्यावर धक्का बसला आणि मणका दबला. तीन महिने पाठीवर होते. तू हाडाची तपासणी केलीयस?" आम्ही केली होती. निकालही माहीत होता. लोकांना आयुष्यभर शिकवलं ते स्वतःवर आलं की विसरायला होतं. आम्ही हेल्मेट नातवाच्या हातात परत दिलं.

म्हणून वडीलधाऱ्या वाचकांना स्पष्ट सांगतो. हाडं ठिसूळ असतील, पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल, हृदयविकार असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर बगीत बसू नये. गरोदर बाईने तर मुळीच बसू नये. तरुणांनीही पट्टा घट्ट बांधावा, हात-पाय पिंजऱ्याबाहेर काढू नयेत. गाडी कलंडताना हात बाहेर काढून आधार घ्यावासा वाटतो आणि तोच हात चिरडतो.

मग वाळूवरच्या घसरगुंडीची पाळी आली. जाहिरातीच्या चित्रात तीन मजली उंच टेकडी होती. प्रत्यक्षात निघाला वाळूचा एक बेताचा उतार! नातवाचं तोंड एवढंसं झालं. मैत्रिणीचा मुलगा म्हणाला, "मोठ्या टेकड्या पुलापलीकडे, सौदीत." तो पूल २५ किलोमीटर लांब, १९८६ साली सुरू झालेला. पण आपल्या पासपोर्टावर तिकडे कसं जाणार?

बालमित्रांनो, वाळूच्या उताराची एक गंमत सांगतो. कोरडी वाळू हवी तेवढी उभी रचता येत नाही. उतार सुमारे ३४ अंशांच्या पुढे गेला की ती आपोआप खाली घसरते. घरी ताटात रवा सोडून बघा. ढीग किती उभा होतो आणि कधी कोसळतो ते दिसेल. आईला विचारून करा! बर्फापेक्षा वाळू जास्त अडवते, म्हणून फळीच्या तळाला मेण घासतात. शिवाय खाली येताना मजा, पण वर चढताना फळी काखेत मारून आपल्याच पायांनी जायचं.

मैत्रीण नातीला सांगत होती, "श्रीवर्धनला आम्ही पोफळीच्या विरीवर बसायचो आणि भाऊ ओढत न्यायचा. हीच गंमत, पैसे न देता!" हे मराठी नातीला अर्धंच कळलं, पण ती खूप हसली. मग फळीवर पालथी झोपून ती सुटली. चश्मा घामाने घसरत होता म्हणून तिने तो वरच काढून ठेवला होता. खाली पोचली ती तोंड वाळूत खुपसूनच. "एनायिम! एनायिम!" करून ओरडायला लागली.

सफरवाला मुलगा टॉवेल घेऊन डोळे पुसायला धावला. आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "चोळू नकोस!" दोघींच्याही तोंडून मराठीच आलं. त्या बिचाऱ्याला भाषा कळली नाही, पण तो जागीच थांबला.

पुढचं कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. मैत्रिणीने काठी टाकली, वाळूत बसकण मारली, नातीचं डोकं मांडीवर घेऊन एका अंगाला वळवलं आणि बोटांनी पापण्या उघड्या धरल्या. आम्ही पिण्याच्या पाण्याची नवी बाटली फोडली आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला बारीक धार सोडली, म्हणजे वाळू दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पाचेक मिनिटांनी डोकं दुसऱ्या अंगाला वळवून दुसरा डोळा. पुन्हा पहिला. तिने "थांब" म्हटलं की आम्ही थांबायचं, "हां" म्हटलं की धार सोडायची. चार बाटल्या संपल्या. ५३ वर्षांनी आम्ही दोघी एका पेशंटपाशी होतो आणि चौघे हात विसरले नव्हते. मुलगी मागाहून म्हणाली, "आई, तू इतकी शांत मी कधी बघितली नव्हतीस."

संध्याकाळी डॉक्टरला दाखवलं. बुबुळावर ओरखडा नव्हता. लक्षात ठेवा, धुऊनही खुपत राहिलं, उजेड सहन होत नसला किंवा नजर धूसर झाली, तर डॉक्टरकडे जायचंच. आणि वाळूत चश्मा काढायचा नाही!

परतताना सूर्य मावळायच्या आत 'जीवनवृक्ष' पाहिला. उजाड माळावर एकटंच डेरेदार झाड, सुमारे चारशे वर्षांचं. पाटी वाचायला आम्ही जवळ गेलो तर काय, आपली शमी! दसऱ्याला शेजारच्या घरांतून जिची पूजा व्हायची, शाळेत जिच्यावर पांडवांनी शस्त्रं लपवल्याची गोष्ट ऐकली, तीच ही जात. मुळं खूप खोल जातात म्हणून तगते. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहून नातवंडांना ती गोष्ट सांगत होतो. अर्धी तिने सांगितली, अर्धी आम्ही.

रात्री तिच्या घरी जेवलो. तिने आमच्यासाठी नवा तवा आणि नवी ताटं आणून ठेवली होती. हमूर मासा तळला, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. म्हणाली, "तुमचं वेगळं असतं, होस्टेलात बघितलंय मी." एवढी वर्षं तिने ते लक्षात ठेवलं होतं.

पुढच्या हनुक्काला तिने इकडे यायचं ठरलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात ती विमाने थांबली. ते येणं राहिलं ते राहिलंच. आता फोनवर आवाज भरून पाठवते. पहिला प्रश्न नातीच्या डोळ्यांचा, दुसरा आमच्या हाडांच्या गोळ्यांचा.

नातवाची घसरगुंडीची हौस मात्र घरीच भागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना! आमच्या अशदोदच्या दक्षिणेला सुमारे ३५ मीटर उंचीची वाळूची टेकडी आहे. ऊन उतरल्यावर तिथे मुलं पुठ्ठ्यावर बसूनही घसरतात. नातू आता तिथेच जातो, चश्मा लावून नातही जाते. आम्ही खाली खुर्ची टाकून बसतो, पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या ठेवून.

एवढं मोठं वाळवंट आमच्या दारात असताना बहरीनला गेलो, त्याचा पश्चात्ताप नाही. दार उघडं होतं ती दोन वर्षं. त्यात आम्ही जाऊन आलो. तुमचंही कुणी दूर असेल, तर सणाची वाट बघत बसू नका.

सर्वांना शालोम, आणि बालमित्रांना गोड पापा.