ढगांत फवारणी, नदीला पाणी?

गैरसमज: ढगांवर फवारणी केली त्या वर्षी नदीला पाणी जास्त आलं, म्हणजे प्रयोग यशस्वी.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगररांगांत १९५० च्या सुमारापासून हिवाळी ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडतात. बर्फ जास्त पडावा, तो उन्हाळ्याच्या तोंडावर वितळून धरणांत यावा, हा हेतू. पण तिथल्या नद्यांचं पाणी एका वर्षी निम्म्यावर येतं, तर दुसऱ्या वर्षी दुपटीला जातं. फवारणीकडून अपेक्षा पाच-दहा टक्क्यांची. ती या चढउतारात कुठल्या कुठे बुडते. शिवाय फवारणीची आठवण होते ती दुष्काळात, आणि दुष्काळानंतरचं वर्ष एरवीही बरंच जाण्याची शक्यता असते.

गैरसमज: शेजारच्या नदीशी तुलना केली की झालं.

दोन नद्यांचं जुनं नातं बघून ‘फवारणी नसती तर किती पाणी आलं असतं’ याचा अंदाज बांधता येतो. पण कोणती नदी आणि कोणती वर्षं धरायची हे निकाल बघून ठरवलं, तर हवं ते उत्तर निघतं. १९५७ मध्ये अमेरिकी सरकारच्या सल्लागार समितीने पश्चिमेकडच्या डोंगरांत दहा ते पंधरा टक्के वाढ सांगितली. आधार होता व्यावसायिक फवारण्यांचा, आणि तिथे वादळं निवडणारे फवारणारेच होते! संख्याशास्त्रज्ञ तुटून पडले ते उगीच नाही.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याने २००८ ते २०१४ या काळात ही निवड माणसाच्या हातातून काढून घेतली. मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या दोन रांगांवर एकाच वेळी योग्य ढग आले, की फवारणी कुठे करायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरे. चार तास फवारणी, दुसरी रांग तुलनेसाठी कोरी. ग्राह्य ठरले ११८ प्रयोग. बर्फात वाढ दिसली ३ टक्के. आणि फवारणीचा काडीचा परिणाम नसता, तरी एवढी किंवा याहून मोठी वाढ निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता २८ टक्के.

गैरसमज: म्हणजे सगळं थोतांड.

तसंही नाही. (आणि ‘७२ टक्के खात्री’ असाही त्या २८ टक्क्यांचा अर्थ लावू नये, तो साफ चूक.) वायोमिंगमध्ये काही वेळा वाऱ्याने एका रांगेवरचं सिल्व्हर आयोडाइड दुसऱ्या रांगेवर नेलं, म्हणजे कोरी रांग कोरी राहिलीच नाही. २०१७ मध्ये आयडाहो राज्यात विमानाने वाऱ्याला आडव्या सरळ रेषेत पुन्हा पुन्हा ये-जा करत फवारणी केली, तर रडारवर हिमकणांच्या नागमोडी रेषा उमटल्या. बर्फ तयार होतो, यात आता वाद नाही.

गैरसमज: बर्फ दहा टक्के वाढला की नदीही दहा टक्के वाढणार.

वायोमिंगच्या त्या डोंगरांत हिवाळ्यातल्या एकूण बर्फापैकी जेमतेम ३० टक्के फवारणीयोग्य वादळांतून पडतो. तेवढ्यातच दहा टक्के वाढ धरली, तर मोसमाअखेर हाती ३ टक्के. त्यातला काही उडून जातो, काही जमिनीत मुरतो.

आपल्याकडच्या सोलापूरच्या २०१८-१९ च्या ढग-फवारणी प्रयोगाचे आकडे इथे जोडू नयेत. तिथे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने पावसाळी ढगांत क्षारकण सोडून थेंब मोठे होतात का, ते तपासलं; बर्फाचा तिथे प्रश्नच नव्हता.