कठड्याला आपलं माप ठाऊक असतं

घरातली मोजपट्टी घ्या. भिंतीवर जमिनीपासून ४२ इंचांवर, म्हणजे साधारण १०७ सेंटीमीटरवर, पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारा आणि तिला पोट टेकवून उभे राहा. मध्यम उंचीच्या माणसाला ती रेघ बेंबीच्या आसपास लागेल. अमेरिकेत कारखान्यातला उंच फलाट असो, टाकीचा माथा असो की यंत्राभोवतीची मार्गिका, त्यांच्या कडेच्या कठड्याची वरची कड याच उंचीवर असावी लागते. तीन इंच इकडेतिकडे चालतात; बाकीच्या अटी पाळल्या तर कड त्याहून वर चालते, पण त्याहून खाली नाही. कामगारांच्या सुरक्षेसाठी १९७० च्या कायद्यानं तिथे ‘ओशा’ ही यंत्रणा उभी राहिली, तिचा हा नियम आहे.

पण ४२च का? छत्तीस का नाही? पन्नास का नाही?

उत्तर आपल्या शरीरात दडलेलं आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, बेंबीच्या किंचित खाली, ओटीपोटात असतो. तो असतो एकूण उंचीच्या ५५ ते ५७ टक्क्यांवर. पावणेसहा फुटी माणसाच्या बाबतीत हा हिशेब ९८ सेंटीमीटरच्या आसपास येतो. आता समजा, कठडा फक्त मांडीइतका उंच आहे आणि तुमचा तोल त्याच्याकडे गेला. दांडा गुरुत्वमध्याच्या खाली लागला की तो आधार राहत नाही, बिजागरी होतो! वरचं जड धड पुढे झुकतं, पाय वर उचलले जातात आणि जो कठडा वाचवणार होता त्याच्यावरूनच माणूस पलीकडे उलटतो. दांडा गुरुत्वमध्याच्या थोडा वर असेल, तर तोच धक्का माणसाला मागे ढकलतो. पोटाला मार लागेल, श्वास क्षणभर अडकेल, पण पाय फलाटावरच राहतील. जगणं आणि पडणं यांतला फरक कधीकधी वीतभर उंचीचा असतो.

नियम इथेच थांबत नाही. धक्का बसल्यावर कठडा वाकला तरी चालेल, पण वाकून ३९ इंचांच्या खाली जाता कामा नये. ३९ इंच म्हणजे ९९ सेंटीमीटर. आत्ता काढलेला ९८चा आकडा आठवतोय ना? वाकलेल्या अवस्थेतही दांडा त्या बिंदूखाली घसरू द्यायचा नाही.

किती उंचीवर कठडा हवाच? कारखान्यांसाठी ओशाचं उत्तर आहे चार फूट. चारच फूट! एवढ्यावरून तर पोरं सहज उड्या मारतात. पण उडी मारणारा तयारीत असतो आणि पडणारा नसतो. चार फूट खाली यायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात काहीतरी चुकतंय हे कळायचं, अंग वळवायचं, हात पुढे करायचे. बरेचदा यातलं पहिलंच जेमतेम होतं.

आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ३२वं कलमही जिने आणि ये-जा करायच्या वाटांना, गरज असेल तिथे, भक्कम कठडे मागत होतं. आता भक्कम म्हणजे किती? मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट इथे आहे. ओशा म्हणते, वरच्या कडेवर २०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९० किलोंचा जोर बाहेरच्या किंवा खालच्या दिशेनं लावला तरी कठडा टिकला पाहिजे. ऐकायला हा जोर साधा वाटतो. पण तो लागतो १०७ सेंटीमीटर उंचीवर आणि खांब धरून ठेवायचं काम करतात तळाच्या पट्टीतले बोल्ट. त्या पट्टीची कड आणि तिच्यापासून दूरचे बोल्ट यांत १० सेंटीमीटर अंतर आहे असं धरा. आता तरफेचा हिशेब करा: ९० गुणिले १०७, भागिले १०. उत्तर येतं साडेनऊशे किलोंहून जास्त! वर एका माणसाचा धक्का आणि खाली दोन बोल्टांना मिळून जवळजवळ एक टनाची ओढ. खांब आख्खाच्या आख्खा शाबूत राहतो आणि बोल्ट काँक्रीटमधून उपटून येतात, तो प्रकार असा घडतो.

म्हणून कठडा पाहताना नजर वरच्या चकचकीत दांड्यावर नको, खांबाच्या बुडाशी हवी. कोकणात, मुंबईत चार महिने पावसाचं पाणी साचतं ते तिथेच. रंगाचा पापुद्रा सुटतो तोही तिथेच. गंज नेमकी तीच जागा खातो, जिथे जोर दसपट होतो. आपल्या इमारतीच्या गच्चीवर खांबाभोवती तांबूस डाग दिसला, तर नुसता रंगाचा हात मारून समाधान मानू नका. लोखंड किती उरलंय ते आधी खरवडून पाहायला सांगा.

फलाटाच्या कडेला तळाशी एक बुटकी पट्टीही असते, साडेतीन इंचांची. एवढीशी पट्टी कुणाला अडवणार? ती माणसासाठी नाहीच. ती आहे पायानं नकळत उडवलेल्या पान्यासाठी, नटासाठी. वीस मीटरवरून सुटलेला पाना जमिनीपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटर झालेला असतो. पट्टी आणि फलाट यांच्यात पाव इंचाहून जास्त फट ठेवायची नाही, असंही नियम सांगतो. वरचा दांडा वरच्या माणसाला जपतो, ही पट्टी खालून चालणाऱ्याला. त्याला तिची खबरही नसते.

आता कारखान्यातून घरी येऊ. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींनी घरामागे लाकडी डेक बांधायला काढला, तर तपासनीस चार इंच व्यासाचा चेंडू कठड्याच्या कुठल्या फटीतून जातो का ते पाहू शकतो. गेला, तर कठडा नापास! कारखान्यात मात्र उभ्या गजांमध्ये १९ इंचांपर्यंत अंतर चालतं. एवढा फरक का? कारखान्यात रांगणारी मुलं नसतात म्हणून. पूर्वी घरांमध्येही सहा इंचांची फट चालायची. पण तान्ह्या मुलाचं डोकं हा फटीतून निघायला सगळ्यात कठीण भाग. बाळ पाय पुढे करून फटीतून सरकतं, कंबर निघते, छाती निघते आणि डोकं अडकतं. तेव्हा फट मोजायची ती डोक्याला पुरेल का म्हणून नव्हे, तर कंबरही जाऊ नये म्हणून. घरच्या कठड्याला आडव्यापेक्षा उभे गज बरे, ते एवढ्याचसाठी: आडव्या गजांची मुलं शिडी करतात.

जिन्यात तर एकाच वस्तूकडे दोन कामं येतात. कडेवरून पडू न देणं हे एक. घसरणाऱ्या हाताला पकड देणं हे दुसरं, आणि त्यासाठी ४२ इंच फार उंच पडतात. १७ जानेवारी २०१७ पासून अमेरिकी कारखान्यांतल्या नव्या उघड्या जिन्यांना वर ४२ इंचांवर एक दांडा आणि खाली ३० ते ३८ इंचांच्या दरम्यान हातासाठी दुसरा, असे दोन लागतात. हातातला दांडा मुठीत मावला पाहिजे. घरांसाठीच्या अमेरिकी नियमात गोल दांड्याचा व्यास सव्वा ते दोन इंच असतो. रुंद फळीवर हात नुसता टेकतो, अंगठा आणि बोटं तिच्याभोवती जुळत नाहीत. दांड्याचं टोकही भिंतीकडे वळवलेलं किंवा खांबात संपलेलं हवं, कारण सुटं टोक बाही धरतं, पिशवीचा बंद धरतं. साडी नेसून जिना उतरणाऱ्या बाईला पदराचं वेगळं सांगायला नको.

आणि धक्का एका माणसाचा नसून गर्दीचा असेल तर? समोरची रांग कठड्याला टेकलेली असते, मागच्यांना पुढचं दिसत नसतं आणि प्रत्येकाचा थोडा थोडा रेटा पुढच्याच्या पाठीतून कठड्यापर्यंत पोचतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाचा १९८७ चा दुसरा भाग हा रेटा मीटरमागे मोजतो. गच्चीच्या कठड्याला एरवी दर मीटरला ०.७५ किलोन्यूटनचा आडवा भार धरायचा. नाट्यगृहं, चित्रपटगृहं, शाळा, क्रीडागारं अशा गर्दीच्या जागी तो तिप्पट होतो, २.२५ किलोन्यूटन. चार मीटर लांबीचा कठडा घ्या. तुमच्या गच्चीवर त्यानं तीनशे किलोंच्या आसपास आडवा जोर पेलला की झालं. तोच नाट्यगृहाच्या बाल्कनीला लावायचा असेल, तर नऊशे किलोंच्या पुढे तयारी हवी, आणि तळाच्या बोल्टांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.