आठची वेळ, सातची गर्दी

अमेरिकेत घरातल्या जुन्या वस्तू दारात मांडून विकण्याच्या ‘यार्ड सेल’ची वेळ सकाळी आठची दिली, तरी पहिली गाडी सातच्या आधीच दारात उभी राहू शकते. या मंडळींना तिथे ‘अर्ली बर्ड’ म्हणतात. यांतले बरेचजण जुन्या वस्तू घेऊन पुन्हा विकणारे व्यापारी असतात. त्यांची नजर हत्यारं, बिडाचे तवे, ग्रामोफोनच्या तबकड्या, लेगोचे डबे आणि दागिन्यांवर असते. टेबलं मांडण्याच्या गडबडीत घरमालक पडेल भावाला ‘हो’ म्हणून जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

जाहिरातीत ‘नो अर्ली बर्ड्स’ लिहिण्याची पद्धत आहे, पण तेवढ्याने सगळे थांबत नाहीत. वस्तू आदल्या रात्रीच किमतीच्या चिठ्ठ्या लावून गॅरेजमध्ये मांडाव्यात आणि आठ वाजेपर्यंत शटर उघडू नये. घराचा पूर्ण पत्ता विक्रीच्या दिवशी सकाळीच जाहीर केला, तर गर्दी उशिरा जमते. तरीही कुणी आलंच, तर लवकर येणाऱ्याला घासाघीस नाही, चिठ्ठीवरची पूर्ण किंमत, हा नियम मला सर्वांत न्याय्य वाटतो. महाग वस्तूची किंमत मात्र आधी ‘ईबे’वर विकल्या गेलेल्या तशाच वस्तूंशी ताडून पाहावी. सुट्या नोटा कंबरेच्या पाऊचमध्येच ठेवाव्यात, टेबलावरच्या डब्यात नकोत. कायमचे भारतात परतताना घर रिकामं करणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर हे आवर्जून पाळावं. निघण्याच्या घाईत भाव सर्वांत जास्त पडतो.