जुगाड करा, पण जपून!

सेवाग्रामच्या बापूकुटीत साप पकडायचा लाकडी चिमटा ठेवलाय. साप मारायचा नाही. अलगद धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा. जुगाड असावा तर असा!

आता दुसरं टोक बघा. अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा वीकेंड फंडा म्हणजे हवेवर चालणारी बटाट्याची तोफ. तिचा जीव असतो लॉनवरच्या स्प्रिंकलरच्या व्हॉल्व्हमध्ये. आत एक रबरी पडदा. त्याच्या मागचा दाब सुटला की तो उचलला जातो आणि वाट मोकळी. पाण्यासाठी हा दाब बारीक भोकातून सावकाश सुटतो. म्हणून ही मंडळी विजेची कॉइल काढून तिथे धूळ उडवायची ब्लो गन बसवतात. पडदा फटकन उघडतो, बटाटा सुसाट!

डोकं मानलं बॉस, पण गोची पाइपात आहे. पीव्हीसी पाइप पाण्यासाठी बनतो. पाणी फारसं दबत नाही. पाइप फुटला तर अंग भिजतं. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते. पाइप फुटला की तुकडे गोळ्यांसारखे उडतात. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपचीच, पण गॅसच्या स्फोटावर चालणारी कार्बाइड गन गाजली. कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली.

हात शिवशिवतायत? मग तोच व्हॉल्व्ह टायमर लावून बाल्कनीतल्या कुंड्यांना जोडा. सुट्टीत तुम्ही खुशाल सेवाग्रामला जा, तुळस हिरवीगार राहील!