शेवटच्या तासाला आलेल्यांचा रोज

नाशिकच्या सातपूरहून गंगापूर धरणाच्या बाजूनं पुढं गेलं की गिरणारे लागतं. द्राक्षाच्या हंगामात या गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची माणसं डब्याच्या पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात. बागायतदार गाडी घेऊन येतो, रोज ठरतो, टोळी गाडीत चढते. आधी तरणीताठी आणि बागेच्या कामात मुरलेली माणसं जातात. ज्यांचा हात विरळणीला चालतो, त्या बायकांना मागणी असते. ऊन चढू लागलं की गर्दी ओसरते, तरी काहीजण तिथंच असतात. कुणी वयस्कर, कुणी आजारातून उठलेला, कुणा बाईच्या कडेवर तान्हं. त्यांच्या घरची चूल मात्र इतरांइतकीच कामावर अवलंबून असते.

ख्रिस्ती धर्मात देवाची दया म्हणजे काय हे समजून घ्यायचं, तर या उरलेल्या माणसांपासून सुरुवात करावी. येशूनं ती ज्या गोष्टीतून सांगितली, ती द्राक्षमळ्यातल्या मजुरांचीच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात एक मळेवाला पहाटे बाजारात जातो, दिवसाचा रोज ठरवून मजूर घेऊन येतो. नऊच्या सुमारास तो पुन्हा जातो, मग दुपारी बाराला, मग तीनला. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना तो आणखी एकदा जातो, तेव्हाही काहीजण उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं ते सांगतात. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी पैसे वाटायला तो शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो आणि त्यांच्या हातावर पूर्ण दिवसाचा रोज ठेवतो. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही तेवढाच मिळतो आणि ते कुरकुर करतात.

ही कुरकुर सातपूरला लगेच समजेल. इथल्या औद्योगिक वसाहतीत पर्मनंट आणि कंत्राटी हा फरक लोक रोज जगतात. समान काम, समान दाम ही मागणी इथल्या गेटसभांमध्ये वर्षानुवर्षं होत आली आहे. तासाचा हिशेब, ओव्हरटाइमचा दर, सेवाज्येष्ठता हे हक्क कामगारांनी झगडून मिळवलेले आहेत. असा वाचक ही गोष्ट ऐकताना पहाटेच्या मजुरांची बाजू घेतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मळेवाल्याचं उत्तर म्हणूनच नीट ऐकायला हवं. तुझा ठरलेला रोज मी तुला दिला, त्यात एक पैसाही कमी केलेला नाही, असं तो म्हणतो. मग विचारतो, की माझं चांगुलपण तुझ्या डोळ्यांत का खुपावं? त्यानं कुणावर अन्याय केलेला नाही. शेवटी आलेल्याला मात्र त्यानं कामाचे तास मोजून पैसे दिले नाहीत, त्याच्या घरी त्या रात्री काय लागेल ते पाहून दिले. एका तासाच्या मजुरीत त्या काळीही घर चाललं नसतं.

ख्रिस्ती श्रद्धेतलं तारण असं आहे. माणसाच्या पुण्याईच्या बदल्यात ते पदरात पडत नाही. देव स्वतः बाजारात जाऊन कुणालाच नको असलेल्याला बोलावतो, त्या बोलावण्यातून ते सुरू होतं. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलगा घराकडे वळतो, तो अजून दूर असतानाच बाप धावत निघतो. मुलानं पाठ केलेलं माफीचं वाक्य पुरतं बोलून व्हायच्या आत बाप अंगरखा आणि अंगठी मागवतो. क्रुसावर येशूच्या शेजारी असलेल्या गुन्हेगाराकडे तर दिवसाचा शेवटचा तासही धड उरलेला नाही. तो फक्त आपली आठवण ठेवायला सांगतो आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकात असण्याचं वचन मिळतं.

मग चांगलं वागायचं तरी कशासाठी? हा आक्षेप पहिल्या शतकातच प्रेषित पौलापुढं आला होता आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्रात त्यानं तो ठामपणे फेटाळला. कृपा झाली म्हणून पाप करत राहणारा माणूस त्या कृपेत शिरलेलाच नसतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. जर्मन धर्मज्ञ डीट्रिश बोनहॉफर यानं १९३७ साली स्वस्त कृपेवर कठोर टीका केली, ती याच अंगानं. पश्चात्तापाविना क्षमा आणि क्रुसाविना धर्म वाटत सुटलेलं चर्च त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. हिटलरला केलेल्या विरोधापायी त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी झाली.

श्रद्धा आणि सत्कर्म यांचं तारणाशी नेमकं नातं काय, यावर युरोपातलं चर्च सोळाव्या शतकात दुभंगलं. तारण केवळ श्रद्धेनं, यावर मार्टिन ल्यूथर ठाम राहिला. कृपेला माणसानं कृतीतून साथ द्यायची असते, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं मांडलं. पुढं ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथं कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनं संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस देवाला स्वीकार्य होतो तो कृपेनंच, त्याच्या कुठल्याही लायकीमुळं नाही, हे दोघांनी त्यात मान्य केलं. सगळे मतभेद मिटलेले नाहीत. तरीही जवळपास पावणेपाचशे वर्षांच्या भांडणानंतर हे एक वाक्य एकत्र म्हणता आलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कॅथलिक भाविकांमध्ये ही श्रद्धा आज एका चित्रातून घरोघरी गेली आहे. येशूचा एक हात आशीर्वादासाठी उचललेला, दुसरा छातीशी, आणि छातीतून निघालेले दोन किरण, एक फिकट आणि एक लाल. ते पाणी आणि रक्त यांची खूण मानले जातात. पोलंडमधल्या फौस्तिना कोवाल्स्का या साध्वीला १९३१ साली हे दर्शन झालं, असं तिनं आपल्या रोजनिशीत लिहिलं आहे. शेतकऱ्याघरची ही मुलगी जेमतेम तीन वर्षं शाळेत गेली. मठात ती स्वयंपाक करायची, बाग सांभाळायची, दार उघडायला बसायची. वयाच्या ३३व्या वर्षी, १९३८ साली ती वारली. तिच्या लिखाणावर आधारलेल्या भक्तीवर रोमनं १९५९पासून जवळपास वीस वर्षं बंदी घातली होती. त्याच फौस्तिनाला ३० एप्रिल २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत घोषित केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी करुणेला वाहिला. त्या रविवारी वेदीजवळ हे चित्र मांडतात. या भक्तीतली प्रार्थना एरवीच्या जपमाळेवरच म्हणतात, आणि तिची वेळ दुपारी तीनची, येशूनं क्रुसावर प्राण सोडला ती.

आशेचं काय? देव दयाळू आहे म्हणून सगळे आपोआप तरणार, असं चर्च शिकवत नाही. माझं काही खरं नाही, मी गेलोच, असंही म्हणू देत नाही. कॅथलिक शिकवणीत निराशा आणि देवाला गृहीत धरणं ही दोन्ही आशेविरुद्धची पापं आहेत. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा या दोघांनीही एकाच रात्री येशूला दगा दिला. दोघांनाही पश्चात्ताप झाला. पेत्र रडला आणि परत आला. यहूदाला मात्र परत यायला वाव आहे, असं वाटलंच नाही. चर्चनं आजवर कितीतरी संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकात गेला असं एकाही नावाविषयी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. या मौनातही मला दया दिसते.

आणि ख्रिस्ती नसलेल्यांचं? पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या सातपूरवरून त्र्यंबकला जातात. टाळ वाजवत चाललेल्या त्या माणसांबद्दल इथल्या ख्रिस्ती शेजाऱ्यानं काय मानावं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं नोव्हेंबर १९६४मध्ये सांगितलं, की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलेलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाला बुद्धीच्या आधी मनानं उत्तर दिलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं तुकोबांना सोडलं नाही, ख्रिस्ताची आळवणीही अभंगातच केली.

नवऱ्यानं धर्म बदलला, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांवर आभाळ कोसळलं. नाशिकजवळच्या जलालपूरची ही लेक कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. जातिभेद देवानं केलेला नाही, हे त्यांचं त्यांना उमगलं आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांतच थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक अध्याय लिहिले. मळ्यात त्या उशिरा आल्या आणि काम बहुतेक त्यांनीच केलं.

सातपूरहून त्र्यंबक रस्त्यानं शहराकडे येताना शरणपूरचा परिसर लागतो. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात इथं ख्रिस्ती वसाहत उभारली. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, त्यावरची आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली अनेक इथं आणली जायची. ती मराठी-हिंदुस्थानी शिकली, इंग्रजी शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांची मूळ नावं मात्र पुसली गेली आणि मिशनऱ्यांनी दिलेली नावं लागली. साम्राज्याच्या छायेखाली झालेल्या दयेला हा डाग आहे, तो झाकू नये. इथंच शिकलेल्या जेकब वेनराइटनं १८७३ साली आफ्रिकेच्या आत दूरवर मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्याचं नाव कोरलं. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता.

वेनराइटचं नाव इतिहासात राहिलं. मला मात्र विल्यम जोन्स जास्त जवळचा वाटतो. तोही गुलामीतून सुटून नाशिकला वाढलेला. १८६४ साली त्याला मोम्बासाजवळच्या रबई इथल्या मिशनवर पाठवलं. तिथं आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम आसऱ्याला येऊ लागले. मालक संतापून चाल करून येण्याच्या धमक्या देत होते आणि पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका, असा मिशनचा हुकूम होता. जोन्सनं त्यांना परत पाठवलं नाही. झोपड्या वाढत गेल्या. १८८८ साली ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनं मालकांना भरपाई दिली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी त्या भागातल्या मिशनांच्या आश्रयाला आलेल्या सुमारे १,४०० जणांच्या हाती ते स्वतंत्र असल्याचे कागद पडले. त्यातले बरेचसे रबईचे होते.