परदेशातला स्वस्त कॅमेरा : ऑर्डर देण्यापूर्वी हे तपासा

जपान किंवा हाँगकाँगच्या विक्रेत्याकडे तोच कॅमेरा अनेकदा स्वस्त दिसतो. कंपन्या देशागणिक वेगळे भाव ठरवतात आणि हे विक्रेते अधिकृत वितरकाला वगळून माल पाठवतात. हाच 'ग्रे मार्केट'. माल बहुधा अस्सल असतो. अडचणी येतात त्या नंतर.

● सीमाशुल्क : भारतात ते नुसत्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा धरून आकारतात, वर आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर). पार्सलवर 'भेट' लिहून सुटका होत नाही. ती सवलत डिसेंबर 2019मध्ये बंद झाली.

● वॉरंटी : ती बहुधा विक्रीच्या देशापुरतीच असते. निकॉनची अमेरिकी शाखा तर ग्रे मार्केटचा माल दुरुस्तीलाही घेत नाही.

● मेनू : जपानी बाजारासाठी बनवलेल्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

● जुनी लेन्स : वर्णनात 'फंगस' (बुरशी) आणि 'हेझ' (काचेतला धूसरपणा) हे शब्द शोधा. मागून टॉर्च मारून काढलेला काचेचा फोटो मागवा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. कोकणाच्या दमट हवेत ती झपाट्याने वाढते.

● जुना कॅमेरा : शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा, लेखी घ्या. परत पाठवण्याचा खर्च कोणाकडे, हेही आधीच ठरवा.

शुल्क, कर, कुरिअर अशी सगळी बेरीज करा. फरक किरकोळ निघाला, तर इथल्याच दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेला बरा.