देहातला समुद्र आणि धातूचे कवच

मोडलेले हाड सांधण्यासाठी बसवलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी काही वर्षांनी बाहेर काढली, तर वरून ती बहुधा लखलखीत दिसते. मात्र स्क्रूच्या माथ्याखाली कधीकधी बारीक खड्डे आढळतात. धातू तोच, देह तोच. मग झीज नेमकी तिथेच का?

आपल्या शरीरातील द्रव म्हणजे एक सौम्य समुद्रच. सागरजलात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. आपल्या रक्ताचा खारेपणा ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतका. त्यात ३७ अंश सेल्सिअसची ऊब आणि विरघळलेला प्राणवायू. साधे लोखंड इथे गंजते. स्टेनलेस स्टील तगते ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. ओरखडा उठला तरी तो पुन्हा धरतो. अट एकच, प्राणवायू मिळायला हवा.

स्क्रू आणि पट्टी यांमधल्या फटीत द्रव कोंडतो. तिथला प्राणवायू संपतो, नवा पोहोचत नाही. धातूचे धनभारित आयन साचतात, त्यांच्या ओढीने क्लोराइड आत शिरते आणि द्रव आम्लधर्मी होतो. शिवाय प्रत्येक पावलागणिक होणारे सूक्ष्म घर्षण थर खरवडत राहते. कवचाला भरून यायला सवडच उरत नाही.

दुसरा धोका भिन्न धातूंच्या संगतीचा. खाऱ्या द्रवात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की विद्युतघट तयार होतो. १९३७ मध्ये व्हेनेबल, स्टक आणि बीच या अमेरिकी संशोधकांनी अशा विद्युतक्रियेचा हाडांवरील परिणाम प्रयोगांनी दाखवला. पट्टी आणि स्क्रू एकाच धातूचे असावेत, या दंडकामागे हेच तत्त्व आहे.

टायटॅनियमचे कवच अधिक चिवट असते, पण घासटीपुढे तेही हरते. खुब्याच्या काही कृत्रिम सांध्यांत कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा त्याच धातूच्या वाटीत फिरे. त्यांचे कण आणि आयन भोवतालच्या ऊतींत व रक्तात उतरू लागले. असा एक सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. तो बसवलेले रुग्ण भारतातही होते.

म्हणून धातू निव्वळ खाऱ्या पाण्यात टिकला, एवढे पुरेसे नाही. चालत्याफिरत्या देहात त्याचे कवच पुन्हा धरते का, हे पाहावे लागते. आणि रुग्णाने एक करावे: इम्प्लांटचे नाव, धातू आणि क्रमांक लिहिलेला कागद जपून ठेवावा. पुढे कधी शंका उद्भवली, तर आत नेमके काय आहे हे तोच सांगेल.